पावसात एकट्याने हॅमॉक ट्रेक: आधी टार्प, मग बाकी सगळं

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी, आणि टार्प म्हणजे तिच्यावर छतासारखी ताणायची हलकी ताडपत्री. रात्री दोन वाजता पाठीखाली ओल लागली की माणूस पहिल्यांदा टार्पला शिव्या घालतो. टार्पचा बहुतेक वेळा काही दोष नसतो, पाणी झाडाच्या खोडावरून हॅमॉक बांधायच्या पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेंब थेंब करत हॅमॉकमध्ये आलेलं असतं. हे मला दुसऱ्या ट्रेकला कळलं, पहिल्याला मी पण टार्पलाच शिव्या घातल्या होत्या. पावसाळी हॅमॉकिंगमध्ये लोकांचं सामान सहसा चुकत नाही, क्रम चुकतो, आणि एकटं असलं की चुकलेला क्रम सुधारायला दुसरे दोन हात नसतात. म्हणून खाली सगळं क्रमानेच लिहिलंय.

उदाहरणाला पन्हाळा ते पावनखिंड ही वाट घेतोय, जुलैमधली. पन्नासेक किमी, बरेच ग्रुप दोन दिवसांत मारतात, आपण एकटे, पाठीवर बिऱ्हाड आणि वर झड, त्यामुळे तीन दिवस आणि दोन रात्री धरायच्या. ही वाट निवडायचं कारण म्हणजे दर थोड्या अंतराने वाडी लागते, तेव्हा काही बिनसलं तर बाहेर पडता येतं. पहिलाच सोलो ट्रेक असेल तर वाडी नसलेली वाट घेऊच नका.

## १. निघण्याआधीचा आठवडा

हवामान खात्याचा कोल्हापूर जिल्ह्याचा इशारा रोज बघायचा, निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी सुद्धा. २४ तासांत पाऊस ६४.५ मिमीच्या वर गेला की खात्याच्या भाषेत ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’, आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. इशाऱ्याचा रंग यलो असेल तर मी जातो. ऑरेंजला ओढे बघून ठरवतो, म्हणजे खरं तर बहुतेक वेळा पुढे ढकलतो. रेडला घरी बसून भजी खायची. वीज कडाडणारा पाऊस जास्त करून मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबरमध्ये असतो, भर जुलैत कमी, पण ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या, कारण वाटेतल्या मसाई पठारावर तुमच्यापेक्षा उंच असं फारसं काहीच नाहीये.

घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्यायचं: कुठल्या दिवशी कुठल्या वाडीपर्यंत, फोन कधी येईल, आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर काय करायचं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकून निघणारे बरेच असतात पण रेंज गेली की ते लोकेशन तिथेच थिजतं आणि घरचे उगाच घाबरतात. मी सांगतो की संध्याकाळी फोन नाही आला तर काळजी नको, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत नाही आला तर ११२ ला फोन करा आणि हा कागद वाचून दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घराजवळ कुठेतरी दोन झाडं बघून भर पावसात एकदा पूर्ण सेट लावा आणि काढा. हे ९० टक्के लोक करत नाहीत (टक्का माझ्या अंदाजाचा आहे, पण फार चुकला नसेल). टार्प पाच मिनिटांत लागत नसेल तर अजून तयारी नाही.

तपासा: डोळे मिटून टार्पची दोरी बांधता येते का? रात्री वाऱ्यात हेडलॅम्प घसरला की तेच करावं लागतं.

## २. सामान, आणि ते भरायचा क्रम

हॅमॉक ३.३ मीटरच्या आसपास लांब हवा. दुकानात मिळणारे छोटे २.६-२.७ मीटरवाले दुपारी लोळायला ठीक आहेत, रात्री त्यात माणूस केळ्यासारखा वाकतो. झाडाला बांधायचे पट्टे निदान २.५ सेंमी रुंद, नुसती दोरी नको, ओल्या सालीत ती रुतते आणि झाडाची वाट लागते. टार्प हॅमॉकएवढा किंवा थोडा जास्त लांब आणि निदान ३ मीटर रुंद, टोकांना दरवाजासारखे पंख असले तर उत्तमच. डायमंड आकाराचे छोटे टार्प फोटोत भारी दिसतात, पण आपल्याकडे पाऊस आडवा येतो.

पाठीखाली काहीतरी हवंच. लोक म्हणतात जुलैत कसली थंडी, रात्री पारा विशीच्या आसपास तर असतो. बरोबर आहे, पण हॅमॉकखालून वारा वाहतो, आणि स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली दबतो त्यात हवा उरत नाही म्हणून ऊबही उरत नाही. पहाटे तीनला ओल्या फरशीवर झोपल्यासारखं वाटतं. अंडरक्विल्ट (हॅमॉकच्या खालून बाहेर टांगायची गोधडी) असेल तर छान, नसेल तर साधी फोमची कॅरीमॅट हॅमॉकच्या आत घाला, सरकते आणि वैताग देते पण काम करते.

आता भरायचं कसं. सॅकचं रेन कव्हर हा भरवसा नाही, पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच आणि मग कव्हरच्या तळाशी त्याचं डबकं होतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, खताच्या गोणीच्या आतली धुतलेली पिशवी एकदम झकास. त्या पिशवीत तळाला झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग (त्यांना स्वतःची वेगळी पिशवी), त्यावर कॅरीमॅट सोडून बाकी कोरडं, वर खाणं. पिशवीचं तोंड पिळून बंद. हॅमॉक आणि पट्टे त्या पिशवीच्या वर. आणि टार्प बाहेरच्या कप्प्यात, खुंट्यांसकट, सॅक न उघडता हाताला येईल असा.

माझा पहिला घोळ इथेच झाला होता. टार्प तळाला, कारण जड. संध्याकाळी धो-धो पावसात अख्खी सॅक उपसून टार्प काढला, तोपर्यंत स्लीपिंग बॅगने निम्मा पाऊस पिऊन घेतला होता.

कपड्यांचा नियम एकच आणि तो कडक आहे. एक जोड चालायचा, तो ओलाच राहणार. एक जोड झोपायचा, तो टार्पबाहेर जाणार नाही. सकाळी ओले गार मोजे परत चढवताना जिवावर येतं, आणि तिथेच माणूस मोह होऊन कोरडे घालतो, अर्ध्या तासात तेही ओले, मग रात्री काहीच नाही.

सावध: पायांना रात्री खोबरेल तेल नाहीतर पेट्रोलियम जेली चोळा, बोटांच्या फटीत खास. चिखल्या झाल्या तर तिसऱ्या दिवशी चालणं नाही, लंगडणं होतं.

## ३. चालताना

पन्हाळ्यावरून पुसाटी बुरुजाकडून उतरलात की म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा एकमेकींत अशा मिसळतात की प्रत्येक वाट मुख्यच वाटते. ऑफलाइन मॅप आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर, झिपलॉकमध्ये. माझा नियम असा की दहा मिनिटांत ओळखीची खूण, पाटी, देऊळ, काहीच नाही दिसलं तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जायचं. पुढे जाऊन ‘लागेलच वाट’ नाही म्हणायचं, ग्रुपमध्ये ते चालतं.

पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागत जातात. प्रत्येक वाडीत कुणाशी तरी दोन शब्द बोला, कुठून आलो, कुठे चाललो. मावशी चहा विचारतील, घ्या. चहा होतोच, शिवाय तुम्हाला शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं याची नोंद पण होते. पुढचा ओढा उतरता आहे का हे त्यांच्याइतकं कुठलंच ॲप सांगत नाही.

ओढ्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण एकट्या माणसाला खरा धोका तिथे आहे. पाणी चहासारखं लाल आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचं. सह्याद्रीतले ओढे जसे चढतात तसे उतरतात पण, वरचा पाऊस थांबला की दोन-तीन तासांत फरक दिसतो. काठावर एक दगड खूण म्हणून धरा आणि बघत बसा, पाणी त्याच्या खाली गेलं की वर आलं. ओलांडायचं तर अरुंद जागा नको, तिथे खोल आणि जोरात असतं, पसरट जागा बघा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर सॅक तुम्हाला बुडवणार नाही. काठी वरच्या बाजूला टेकून, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच गोष्ट हलवायची, पाय नाहीतर काठी. बूट काढू नका. पाण्यात अचानक काटक्या-पालापाचोळा यायला लागला नाहीतर वरून घरघर ऐकू आली तर जिथे असाल तिथून जवळच्या काठाला.

जळवा असणारच. ओढून उपटू नका, नखाने तोंडाकडून सरकवून काढा, रक्त थोडा वेळ वाहतं कारण तिची लाळ ते गोठू देत नाही, घाबरायचं कारण नाही. गावातले लोक तंबाखू लावतात, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलं तर बऱ्यापैकी लांब राहतात.

तपासा: दर तासाला स्वतःच्या बोटांकडे बघा. झिप लावता येत नाहीये, पाय उगाच अडखळताहेत, मोठ्याने बोलून बघितलं तर शब्द नीट येत नाहीत, म्हणजे अंग गार पडतंय. ओला कपडा आणि वारा एकत्र आले की विशीच्या पाऱ्यातही हे होतं. लगेच आडोसा, कोरडे कपडे, गूळ-शेंगदाणे. ‘अजून अर्धा तास चालून थांबू’ हा विचार त्या गारठ्यातलाच असतो.

## ४. जागा: साडेचारला थांबायचं

जुलैत सूर्य सात-सव्वासातला मावळतो हे कागदावर. झाडीत, धुक्यात, साडेसहाला अंधार असतो. साडेचारला जागा शोधायला लागायचं, साडेपाचला टार्प वर.

हॅमॉक पठारावर लागत नाही, झाडंच नसतात. खिंडीतही नको, सगळा वारा तिथून जातो. वाडीच्या जवळ, मालकीच्या रानात, मालकाला विचारून. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढू नका, आणि देवराईत तर अजिबात नाही, कितीही मस्त झाडं असली तरी. तिथली काटकी सुद्धा लोक उचलत नाहीत, तुम्ही पट्टे बांधून त्यात लोंबकळणार हे बरं दिसत नाही. आणि वाडीतलं कुणी म्हणालं की शाळेच्या पडवीत झोप, तर गुमान जाऊन झोपा. हॅमॉक आणला म्हणून लावलाच पाहिजे असं नसतं.

जागा बघताना आधी वर. एकदा मला दोन आंबे मिळाले, अंतर अगदी मापून ठेवल्यासारखं, मी खूश होऊन पट्टा गुंडाळतोय तर बांधावरून घोंगडं पांघरलेले एक आजोबा ओरडले, “आरं पोरा, वर बघ की! वाळल्याली हाय ती.” वर मांडीएवढी जाड सुकी फांदी, बरोबर माझ्या छातीवर येईल अशी. पाऊस पिऊन फांद्या जड होतात आणि वाऱ्याशिवाय पण पडतात.

मग बाजूला: तांबड्या मुंग्यांची पानं शिवलेली घरटी, आग्या मोहोळ, फांदीवर वेटोळं करून बसलेला हिरवा चापडा (विषारी साप). कुठेही हात घालण्याआधी काठीने हलवायचं. मग खाली: गव्याची वाट आहे का, मोठे खूर, शेण, चेपलेलं गवत. असेल तर दुसरी जागा. पाणी कुठून वाहील तेही बघा, हॅमॉक वर असला तरी तुम्हाला उतरायचं जमिनीवरच आहे.

झाड जिवंत आणि मांडीपेक्षा जाड हवं. आंबा, जांभूळ, ऐन चालतात. पांगारा, सावर नको, लाकूड हलकं आणि वर काटे. दोन झाडांत ४ ते ५ मीटर, म्हणजे साधारण सहा पावलं.

## ५. लावायचा क्रम

१. टार्प. बाकी सगळं सॅकमध्ये बंद. आधी वरची मधली दोरी, डोक्याच्या जरा वर. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, टार्पची रुंद बाजू तिकडे, आणि ती बाजू जमिनीच्या जवळ उतरती. सगळ्या गाठी सुरगाठीच, निरगाठ मारली तर सकाळी सुजलेल्या बोटांनी ती सुटणार नाही.

२. खुंट्या. लाल चिखलात खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. तिरकी ठोका, डोकं टार्पपासून लांब झुकलेलं, आणि वर दगड ठेवा. जांभ्यावर खुंटी जातच नाही, तिथे सरळ दगडाला नाहीतर मुळाला दोरी बांधायची.

३. सॅक टार्पखाली. झाडाला टांगा, जमिनीवर नको, रात्री त्यात कोण कोण राहायला येतं ते सकाळी बूट घालताना कळतं.

४. पट्टे आणि हॅमॉक. पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला, तिथून हॅमॉककडे उतरता, ३० अंशांचा कोन. कोन मोजायला अंगठा आणि तर्जनीने काटकोन करा, तर्जनी आडवी, दोन्ही टोकांना जोडणारी रेष साधारण तेवढीच तिरकी असते. ताणून सपाट बांधायचा मोह सगळ्यांना होतो, खाटेसारखा वाटेल म्हणून, पण तसं होत नाही. ३० अंशाला ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोचाच ताण येतो, १० अंशाला तो २०० किलो होतो. पट्टे तुटतात ते बहुतेक असे. सैल बांधा आणि आत तिरकं झोपा, पाठ सपाट होते.

५. थेंबदोरी. ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती ही. हॅमॉक आणि झाडाच्या मधल्या पट्ट्यावर, टार्पच्या आत येईल अशा जागी, वीतभर सुती दोरी नाहीतर जुन्या बुटाची नाडी बांधा, टोकं खाली लोंबती. पट्ट्यावरून घरंगळत आलेलं पाणी त्या नाडीवरून पागोळीसारखं खाली पडतं. दोन्हीकडे. टार्पची मधली दोरी आतून जात असेल तर तिलाही दोन्ही टोकांना. जोराचा पाऊस असेल तर उभं राहून पाच मिनिटं बघाच, पट्ट्यावर पाण्याचा मणी सरकत येतो, नाडीपाशी थबकतो, फुगतो आणि टपकतो. त्याच्या पुढचा पट्टा कोरडा. ते बघितलं की झोप लागते.

६. बसून बघा. आधी हाताने भार द्या, मग हळूच बसा. बसल्यावर कापड खुर्चीच्या उंचीला, म्हणजे ४५ सेंमीच्या आसपास हवं. उंच बांधून त्यात उडी मारणारे पडतात, आणि एकट्याने मनगट मोडून घेतलं तर टार्प कोण सोडवणार?

७. मग कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग, आणि सगळ्यात शेवटी कपडे बदलणं. प्लास्टिकच्या तुकड्यावर उभं राहून. ओले कपडे पिळून टार्पखालच्या दोरीवर, वाळणार नाहीत, निथळतील.

सावध: स्टोव्ह हॅमॉकपासून लांब, टार्पच्या कडेला. नायलॉनला ठिणगी पुरते. खरं सांगायचं तर मी शेजारच्या वाडीत पैसे देऊन पिठलं-भाकरी घेतो, स्टोव्ह फक्त सकाळच्या चहाला.

## ६. रात्र

नायलॉनचा टार्प भिजला की सैल पडतो. लावल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि झोपायच्या आधी एकदा ताणायचा. पोळ्यासारखा खाली आलेला भाग दिसला की तिथे पाणी साठणार, खालून बोटाने टोचू नका, कडेची दोरी ओढा.

हेडलॅम्प गळ्यात, शिट्टी पण. मदत मागायची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, मग परत. वारा अचानक वाढला आणि झाडं वरून करकरायला लागली तर हॅमॉकमध्ये पडून विचार करत बसू नका, कोरड्याची पिशवी घेऊन वाडी गाठा. टार्प गेला तर गेला.

## ७. सकाळ, उलटा क्रम

टार्पखालीच सगळं आवरायचं. आधी झोपायचे कपडे उतरवून पिशवीत, ओले अंगावर (शिव्या घालत), मग स्लीपिंग बॅग, मॅट, हॅमॉक, पट्टे. सॅक बंद करून पाठीवर. त्यानंतर टार्प, झटकून, बाहेरच्या कप्प्यात. ओला टार्प कोरड्यासोबत एका पिशवीत टाकलात तर कालची सगळी मेहनत पाण्यात.

निघताना जागा बघा, खुंटी राहिली का, खोडावर वळ उठलाय का. वळ उठला असेल तर पट्टे अरुंद आहेत.

दुसरी रात्र माळेवाडी-पाटेवाडीच्या आसपास हाच क्रम, आणि गंमत म्हणजे चुका दुसऱ्या रात्रीच होतात, दमल्यामुळे आणि ‘आता येतं आपल्याला’ म्हणून. मी थेंबदोरी विसरलो होतो ती दुसऱ्याच रात्री. तिसऱ्या दिवशी पांढरपाणीवरून पावनखिंड, तिथून गाडीरस्त्याने मलकापूर आणि कोल्हापूर. परतीची एसटी आदल्या दिवशीच वाडीत विचारून ठेवा.

## ८. घरी आल्यावर

टार्प आणि हॅमॉक त्याच दिवशी पंख्याखाली पसरायचे, पट्टे गार पाण्यात धुवून. घडी घालून ठेवलेला ओला टार्प चार दिवसांत वास मारतो आणि त्याचं कोटिंग सुटायला लागतं. पट्ट्यांची शिवण नखाने तपासा, दोरा सुटलेला दिसला तर तो पट्टा आता कपडे वाळत घालायला.

आणि पुढचे दोन-तीन आठवडे स्वतःकडे लक्ष. जखमेच्या पायांनी चिखल-पाण्यातून चाललोय, गुरांच्या वाटांवरून. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर पॅरासिटामॉल खाऊन बसू नका, डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा की पावसात तीन दिवस चिखलातून चालून आलोय, लेप्टो (गुरा-उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात येणारा ताप) असू शकतो का.